हुकूमशहा मागणारे मास्तर आन् तुपाचं भांडं

मंडळी, आज दुपारी तिवस्याजवळ एका वावरात रोडगे-वांग्याच्या पंगतीले गेलो होतो. जेवण मस्त, पण बाजूले आमचे साडभाऊ बसले. रिटायर मास्तर. तोंडाची चवच गेली.

तूप यायले जरा उशीर झाला, तं वाढणाऱ्या शांताबाईवर खेकसले, "काहून वं, डोये फुटले काय?" बाईचं तोंड उतरलं, तसे हे खुश. मंग मले म्हणे, "भाऊ, या देशाले हुकूमशहाच पाहिजे. डंड्याशिवाय लोकं सरळ होत नाही."

तेवढ्यात वावराच्या धुऱ्याजवळ, बांधाले लागून, एका पुढाऱ्याची गाडी थांबली. आपल्याकडे पंगत पुरी झाल्याशिवाय कोणी उठत नाही. मास्तर उठले! सोताची जागा पुढाऱ्याले देली, शांताबाईच्या हातातून तुपाचं भांडं हिसकलं आन् वाकून वाढू लागले. "साहेब, अजून घ्या ना!"

शांताबाई शांतपणे म्हणे, "बरं वाढता जी मास्तर. उद्या येता काय कामाले?"

लेकाचा डंडा मागते तो दुसऱ्याच्या पाठीसाठी. सोताची पाठ तं कवाचीच वाकवून ठेवली आहे.

तुमच्याही पंगतीत असा एखादा असनच. त्याले राजकारण विचारू नका. वाढणाऱ्या बाईसंग कसा बोलते, तेवढं पाहा.