चार घरांतून जाणारा डक्ट

चंद्रपूर जिल्ह्यात उन्हाळ्याला न घाबरणारं माणूस एकच आहे, आणि ती माझी मोठीआई. बाकीचे आम्ही मार्च लागला की डोक्याला दुपट्टे गुंडाळतो, खिशात कांदा ठेवतो आणि सरकारला शिव्या देत दिवस काढतो. मोठीआई मात्र उन्हाळ्याची वाट पाहते, पैलवान जत्रेची पाहतो तशी. होळी झाली की ती साडीवर मोठ्याबाबांचा जुना खाकी शर्ट चढवते, कमरेला पत्रा कापायची कात्री खोचते, शिडी लावते आणि माळ्यावर जाते. मग पुढचे काही दिवस ती आमच्याशी छतातूनच बोलते. चहा दोरीने वर जातो, कप दोरीने खाली येतो, आणि कपासोबत एखादी शिवीही येते, कारण चहात साखर कमी असते.

मोठीआई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. मोठेबाबा कोळशाच्या खाणीत वारले, त्यांच्या जागी हिला नोकरी लागली. ऑफिसात पाणी द्यायचं काम मिळत होतं. हिने ते नाकारलं आणि वर्कशॉपच्या पत्रा-शेडमध्ये जाऊन उभी राहिली. "पाणी तर मी घरी बी पाजतो. इथी काही ठोकाले द्या," असं म्हणाली म्हणतात. दिलं त्यांनी. निवृत्त झाली तरी ठोकणं थांबलेलं नाही.

ती राहते त्या खाणीच्या जुन्या वसाहतीत चार-चार घरांच्या लायनी आहेत. जुन्या काळी कुणा इंजिनिअरला काय सुचलं देव जाणे, त्याने प्रत्येक लायनीला एकच मोठा कूलर दिला. कूलर एक नंबरच्या टोकाला, कडुनिंबाच्या सावलीत, आणि तिथून पत्र्याचा एक चौकोनी बोगदा, म्हणजे डक्ट, कवेलूच्या छताखालून चारही घरांच्या माळ्यांवरून थेट शेवटपर्यंत. प्रत्येक खोलीत त्याचं एक तोंड, वर जाळी. बाकीच्या लायनींतले डक्ट केव्हाच भंगारात गेले. हिच्या लायनीतला टिकला, पण कसा? पत्रा गंजलेला, सांधे उघडे. पंखा बंद असला की त्या फटींतून कोळशाची धूळ आत जाऊन बसायची आणि पंखा सुरू झाला की तीच सगळ्यांच्या ताटात. हवा निम्म्या वाटेतच माळ्यावर सांडायची. चार नंबरच्या जाळीतून फक्त आवाज यायचा.

आता ऐका, मोठीआई राहते एक नंबरात. कूलर तिच्या डोक्यावर, कडुनिंब तिच्या दारात. डक्ट फुटो की तुटो, तिला पदर सांभाळावा लागेल इतकी हवा. तिचा जीव अडकलेला चार नंबरात. तिथे राहायचे दादू, मुलचेऱ्याकडच्या बंगाली गावातले, आयुष्यभर खाणीत ड्रिल चालवून छाती गच्च भरून घेतलेले. मुलगा खाणीत लागला म्हणून क्वार्टर टिकलेलं. त्या घराची एकमेव खिडकी उघडते कोळशाच्या रेल्वे सायडिंगकडे, जिथे दिवसभर मालगाडीच्या वाघिणी भरतात. खिडकीत वेगळा कूलर बसवला, तर तो काय ओढणार? कोळसाच. दादूंना स्वच्छ हवा मिळायचा रस्ता एकच होता: कडुनिंबाच्या टोकाकडून, तीन घरांच्या डोक्यावरून.

या एका रस्त्यासाठी मोठीआईने जगाला वेठीला धरलं. खिशात कायम अगरबत्तीचा पुडा. कुठेही गेली की एक पेटवायची आणि भिंतीला, खिडकीला, छताला धरून धूर कुठे वळतो ते बघायची. चामोर्शीला नात्यातलं लग्न होतं, हॉल थंड हवेचा. मंगलाष्टकं चालू असताना ही अगरबत्ती घेऊन भिंतीभिंतीने फिरू लागली. मागच्या रांगेतल्या बायांना वाटलं काहीतरी रीत असेल, त्या उठून हात जोडून तिच्या मागे चालू लागल्या. पाहता पाहता लहानशी मिरवणूक झाली. शेवटी ती एका जाळीखाली थांबली आणि भर मांडवात म्हणाली, "इथी सांधा सुटला हाय. पैसे घेते हॉलवाला अन् हवा देते उंदराले!" हॉलवाला आजही तिला पाहिला की मागच्या दाराने जातो. एकदा तर एका घरी भेटायला गेलो, त्या घरचे म्हातारे वारले होते. सगळे खाली माना घालून बसलेले. मोठीआईने डोळे पुसले, वर पाहिलं आणि म्हणाली, "म्हातारा तर गेला बापा, पण ते हवा काऊन जाऊन राह्यली?" मी तिला कोपराने ढोसलं. ती म्हणाली, "मले काय ढोसतं? भोक वरतं हाय."

तिचं सगळंच बरोबर असतं असं समजू नका. तिच्या हट्टाचा वास चार घरांनी घेतलेला आहे, अक्षरशः. तिचं माहेर कुरखेड्याकडचं, धानाच्या मुलखातलं. तिकडे बांबूच्या ढोलीत धान साठवतात आणि एक दाणाही गळू नये म्हणून ढोली शेणमातीने लिंपतात. हिने विचार केला, दाणा थांबतो तर हवा काऊन नाही थांबणार? पहिल्या वर्षी तिने अख्खा डक्ट, हात पोचेल तिथे आतूनसुद्धा, शेणामातीने लिंपला. वाळला तेव्हा सुंदर दिसत होता, वर बोटांची नक्षीसुद्धा काढली होती. मग कूलर सुरू झाला. ओली हवा आत शिरली, आणि चारही घरांत गोठा अवतरला. तीन नंबरातलं नवं जोडपं उलट्या करत अंगणात. दोन नंबरचे फोरमन नाकाला रुमाल लावून ओरडत होते, "बाई, म्हशी कुठी बांधल्या ते तरी सांगा!" फक्त दादू खाटेवर उठून बसले होते आणि म्हणत होते, "गाँव का वास आता है. बंद मत करो." मोठीआईने पुढे कित्येक दिवस हेच एक वाक्य सगळ्यांना ऐकवलं, जणू प्रमाणपत्र मिळालं होतं. मग मुकाट्याने वर जाऊन सगळं खरवडून काढलं.

त्यानंतर ती पंक्चरवाल्याकडे वळली. डंपरच्या फुटक्या ट्यूब कापून रबराच्या रुंद पट्ट्या केल्या, सांध्यावर पंक्चरचं सोल्यूशन लावून त्या गुंडाळल्या, वरून पत्र्याची पट्टी रिव्हेट केली. हे मात्र टिकलं.

आमची भांडणं याच काळातली. मी धुळीविरुद्धच्या मोहिमेत आहे. पत्रकं लिहिते, वाटते, चौकात माइक घेऊन बोलते. माझं म्हणणं आजही तेच आहे: सायडिंग झाका, पाणी मारा, वाघिणींवर ताडपत्री टाका, नाहीतर बंद करा. ज्यांनी धूळ केली त्यांनी ती आवरायची. आपण आपल्या घराच्या फटी बुजवत बसलो तर ते म्हणणार, लोकांचं भागतंय. मी तिला तोंडावर सांगितलं, "मोठीआई, तू हे करून त्यांचंच काम सोपं करतेस. हा संघर्ष नाही, ही शरणागती आहे."

ती रबर कापत होती. मान वर न करता म्हणाली, "तुही लढाई जिंकेपर्यंत म्हातारा श्वास रोखून बसन का वं?"

"पण प्रश्न मुळातून सोडवला पाहिजे!"

"सोडव ना. मी काय हात धरला? ते पट्टी धर पहिले. सरळ धर. भाषण देतं तवा हात सरळ राह्यते, इथी काऊन थरथरते?"

मी पट्टी धरली. पण मनातून चिडलेलीच होते.

अडचण दोन नंबरची होती. माळ्यांच्या मध्ये भिंती आहेत, त्यामुळे प्रत्येक घराचा डक्ट त्या त्या घरातूनच गाठावा लागतो. तीन नंबरच्यांनी किल्लीच देऊन टाकली. फोरमन मात्र त्या शेणाच्या वासानंतर एसी घेऊन बसले होते. आपल्या जाळीवर त्यांनी प्लायवूड ठोकलं होतं, आणि वर चढू द्यायला साफ नकार. "माह्या छतावरून दुसऱ्याची हवा काऊन जाईन? ज्याले पाह्यजे त्याने आपली आपली घ्यावी." त्यांच्याच माळ्यावर डक्टचा सगळ्यात मोठा सांधा तोंड वासून पडला होता. मोठीआईने विनवणी केली, भांडण केलं, शेवटी त्यांच्या दारात खुर्ची टाकून बसली. ते तिला ओलांडून ड्युटीला जायचे, ती रोज म्हणायची, "जा, भाऊ. श्वास घेत घेत जा."

आणि नवतपा, म्हणजे उन्हाचे सगळ्यात कडक नऊ दिवस, तोंडावर असताना वसाहतीच्या ऑफिसचा साहेब गॅस कटर आणि माणसं घेऊन उगवला. तक्रार कुणी केली ते सांगायची गरज नव्हती, फोरमन सुटी टाकून ओट्यावर उभे होते. साहेब म्हणाला, डक्ट जीर्ण आहे, निकामी आहे, शेवटच्या घरात हवा पोचतच नाही, मग ठेवायचा कशाला? आजच काढणार. याची कुणकुण आधीच होती, म्हणून दादूंच्या मुलाने आदल्याच दिवशी ठरवलं होतं की डक्ट गेला तर वडिलांना गावी ठेवायचं. तिथे जवळ दवाखाना नाही. दादूंनी आपली लुंगी आणि गमछा घडी करून पिशवीत भरला होता.

मी माइकशिवायच भाषण सुरू केलं. हक्क, कायदा, जगण्याचा अधिकार. साहेब घड्याळ बघत होता. मोठीआईने मला बाजूला सारलं आणि कटरच्या नळीवर पाय देऊन उभी राहिली.

"हवा पोचत नाई म्हणता?"

"नाही पोचत, बाई."

"पोचली तं?"

"तर राहू देतो. पण तुम्ही उगाच..."

"चला मंग चार नंबरात. धूर हालला तं डक्ट राहीन. नाई हालला तं मीच कापून देतो. कटर मले बी चालवता येते."

दोन नंबरचा सांधा उघडा आहे हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं. तिने आयुष्यात पहिल्यांदा न तपासता पैज लावली होती. कूलर सुरू झाला. आम्ही सगळे दादूंच्या खोलीत दाटीवाटीने उभे. मोठीआई स्टुलावर चढली आणि जाळीखाली अगरबत्ती धरली. धूर सरळ वर गेला. दोरीसारखा, बेशरमासारखा सरळ. साहेबाने कटरवाल्याकडे पाहिलं. दादूंनी पिशवी मांडीवर ओढून घेतली. मोठीआईने अगरबत्ती जाळीच्या आणखी जवळ नेली.

मग धूर डगमगला. एकदा थांबला, मान वाकडी केल्यासारखा वळला आणि एकदम खाली, दादूंच्या खाटेवर आला. मागून गार हवेचा झोत आला आणि भिंतीवरचं कॅलेंडर फडफडलं. दादू खोकले, हसले, पुन्हा खोकले. साहेबाने टोपी काढून मानेवरचा घाम त्या हवेत वाळवला, बराच वेळ वाळवला. "या उन्हाळ्यापुरता राहू द्या," असं म्हणून माणसं घेऊन निघून गेला.

बाहेर आलो तर दोन नंबरच्या दारातून फोरमनची बायको, आमच्या फोरमनबाई, येत होत्या. केसांत कोळ्याची जाळी, तोंड काळं, कोपरापर्यंत ओल्या. हातात भिजलेली गोधडी. त्या माळ्यावर चढून गोधडी सांध्याभोवती आवळून, तिला मिठी मारून बसल्या होत्या. फोरमन ओरडले, "तू वरतं काय करत होती?"

"हवा धरून होती," त्या म्हणाल्या. "दादूच्या खोकल्याचा आवाज डक्टमधून मले येते. तुम्ही तं ड्युटीवर राह्यता."

तोवर मोठीआई ट्यूब आणि सोल्यूशन घेऊन त्यांच्या घरात शिरली होती. फोरमनबाईंनीच शिडी धरली.

तो उन्हाळा दादूंनी स्वतःच्या खाटेवर काढला. पुढे मुलाची बदली दुसऱ्या खाणीवर झाली, आणि दादू त्याच्यासोबत गेले. निघताना त्यांनी जाळीखाली उभं राहून तोंड वर केलं, अंघोळीला उभं राहावं तसं, आणि रिक्षावाला हॉर्न देईपर्यंत हलले नाहीत.

चार नंबर अजून कुणाला मिळालेलं नाही. तीन नंबरवाले म्हणतात, तिकडचं तोंड बंद करा, आमच्याकडे जास्त हवा येईल. बरोबरच आहे त्यांचं. सायडिंग अजून उघडीच आहे, माझी पत्रकं चालूच आहेत, आणि मोठीआई आता मोर्च्याला येते, घोषणा चुकीच्या देते पण सगळ्यात मोठ्याने. ते तोंड मात्र ती बंद करू देत नाही. परवा ऑफिसातून किल्ली मागून आम्ही दोघी त्या रिकाम्या खोलीत गेलो. तिने पदराने जाळी पुसली. या खेपेला अगरबत्ती पेटवली नाही. खाट होती त्या जागी फरशीवर बसली, डोळे मिटले आणि बसूनच राहिली. मी विचारलं, "येतेय का?"

"येऊन राह्यली," ती म्हणाली. "बस तू बी जरा."