लक्ष्मीचा छापा काढताना

मी भला माणूस नव्हतो, आताही फारसा नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझ्यासाठी कोणी हळहळायला नको.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. लकडगंजात मोटारी रंगवायच्या एका वर्कशॉपमध्ये मी उमेदवारी करत होतो. त्याच महिन्यात आणखी एक उमेदवार आला. चाळिशीचा, उमरेडचा कोष्टी, माग बंद पडला म्हणून ब्रश धरलेला. बायको आणि तीन पोरी गावात. "नोकरी पक्की झाली का त्याईले इथं आणतो," हे तो दिवसातून दहादा सांगे. जागा एकच होती. आणि मेल्याचा हात असा, की बसच्या अंगावरची लांब पट्टी एका दमात ओढायचा, केसभर हलायची नाही. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

काटोलच्या रस्त्यावरची एक बस नव्या मालकानं घेतली होती. दोन्ही दारांवर जुन्या मालकानं लक्ष्मीचे कागदी छापे चिकटवलेले, वरून वार्निश. ते काढायचे, पण खालच्या हिरव्या रंगाला ओरखडा नको. मिस्त्री म्हणाला, "एक दार याले, एक त्याले. ज्याचा रंग शाबूत, तो राहीन."

रीत सोपी आहे. रॉकेलचं फडकं छाप्यावर थापायचं, वार्निश नरम पडेस्तोवर हात आवरायचा, मग बांबूच्या कामटीनं कडेपासून हळूहळू उचलायचं. मला ठाऊक होतं, त्याला नव्हतं. त्यानं सरळ मलाच विचारलं, "भाऊ, हे कशानं निघते गा?"

मी खोटं बोललो नाही. फक्त विचारलं, "तुमच्यात रेशमाचा डिंक कसा काढता?"

"सोड्याच्या पाण्यात उकळून."

"मंग!"

त्याचा चेहरा खुलला. सोड्यात रेशमासारखं रेशीम बिघडत नाही, तर पत्र्यावरच्या रंगाला काय धाड भरणार, असं त्याला वाटलं असणार. त्यानं चुलीवर पाणी ठेवलं, चांगला ओंजळभर सोडा टाकला, आणि कढत फडकं दारावर दाबून धरलं. मी बिडी ओढत बघत राहिलो. मोठी मजा येत होती.

फडक्यासोबत लक्ष्मी आली आणि हिरवा रंगही आला. खाली पत्रा दिसला.

मिस्त्री भडकला. "काहून बे, कोनं शिकवलं तुले हे?"

मी बिडी टाकून उभा राहिलो. पण कोष्ट्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कोनीच नाही जी. माह्यीच अक्कल."

"उचल आपलं बोचकं!"

बोचकं बांधून तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "भाऊ, तू सोडा नको लावू गा. रंग खाते तो."

उमरेडच्या मोटारीला वेळ होता, म्हणून तो तिथंच बसून राहिला. त्याच्या देखत मी रॉकेलची बाटली उघडली. फडकं थापलं, थांबलो, कामटी सरकवली. छापा अलगद सुटला. खाली रंग जसाच्या तसा. मिस्त्री शाबास म्हणाला.

तो उठून दाराजवळ आला. रंगावरून बोट फिरवलं.

"तुले मालूम होतं?"

"होतं," मी म्हणालो. नाही म्हणता आलं असतं. पण त्याला कळावं, असंच मला वाटत होतं.

"मंग सांगाचं होतं नं गा, भाऊ."

आवाजात राग नव्हता. मी त्याच्या तोंडावर हसलो, चांगले दात काढून.