तीनशेची बंधी

सावली गावात जरीनाबाईंची विजेवर चालणारी तेलघाणी होती. जवसाचं तेल काढायला आलेल्या बायकांना २००७ साली एक वाक्य हमखास ऐकावं लागे. "बाहेरच्या पामतेलावर सरकारनं तीनशे टक्के कर बांधला हाये. आपल्या तेलाले मरण नाई."

आकडा घरातलाच होता. मुलगी मदीहा नागपुरात अर्थशास्त्राचं एम.ए. करत होती. भारतानं आणि श्रीलंकेनं आयातीवरचे कर कसे बांधून घेतले, पुढे वर्षागणिक काय झालं, हा तिचा प्रबंधाचा विषय. फोनवर ती म्हणाली होती, "अम्मी, श्रीलंकेनं शेतमालाले पन्नास बांधला, आपण पामतेलाले तीनशे."

सावलीत बांधणं म्हणजे बंधी. गवळ्याकडे दुधाची बंधी लावली की रोज तेवढंच दूध, ठरल्या भावात. जरीनाबाईंनी तोच अर्थ धरला. घाणी काढून पामतेलाच्या पिशव्यांची एजन्सी टाकू, म्हणून मागे लागलेल्या दिराला, बशीरला, त्यांनी या आकड्यानंच गप्प केलं. शेतात जवस पिकवणारी कमला हे त्यांचं जुनं गिऱ्हाईक. तिला तर त्यांनी सांगितलं, यंदा जवसाचा पेरा वाढव, गेल्या सालच्याच भावानं सगळं मी घेईन.

पुढच्या उन्हाळ्यात मदीहा घरी आली, त्या दिवशी बशीरनं तेलाची पिशवी ओट्यावर आपटली. "भाभी, तीनशे लागून हे तुमच्यापेक्षा स्वस्त कसं? जादू हाये का?"

मदीहा हसली. "काका, बांधला म्हंजे लावला नाई. तीनशेच्या वर जाणार नाई, एवढाच जगाले दिलेला शब्द. खाली कितीबी. अठ्ठ्याण्णवमध्ये पंधरा होता, दोन हजार पाचमध्ये ऐंशी, अन् या एप्रिलपासून कच्च्या पामतेलावर शून्य."

"शून्य?" जरीनाबाईंच्या हातातली झारी तशीच राहिली.

"बांधलेला कर म्हंजे नुसतं छत. श्रीलंकेचं बुटकं, आपलं उंच," मदीहा म्हणाली.

"छत उंच अन् माणूस भुईवर लोळून राह्यला!" बशीर म्हणाला.

"मंग मले तेव्हाच काऊन नाई सांगितलं?"

"तू विचारलंच नाई, अम्मी. तुले आकडाच आवडला."

खरंच होतं ते.

"उद्या कमला जवसाची बैलबंडी घेऊन येईल," बशीर म्हणाला. "भाव पाडा. सरकार शून्यावर येते, तुमाले काय होते?"

रात्रीच्या भाकरी थापताना जरीनाबाईंना ते पटतही होतं. घाणीवर आधीसारखी गर्दी उरली नव्हती. पण सरकारचा शब्द त्यांनी जसा ऐकला होता, तसाच त्यांचा शब्द कमलानं ऐकला असणार. खाली उतरायला जागा ठेवलीय, असं त्यांनी तिला कुठं सांगितलं होतं?

जेवताना त्या बशीरला म्हणाल्या, "समोरची खोली घे. पिशव्या ठेव. घाणी मागं जाईल, पण बंद नाई होणार. अन् कमलाचा भाव तोच."

"नुकसान होईल, भाभी."

"होईल. म्हणूनच तर खोली देऊन राह्यली. तुझ्या पिशव्यांच्या कमाईतून ते भरून काढू."

सकाळी कमलाचं जवस तोलून झालं. पैसे पदरात बांधत तिनं विचारलं, "पुढच्या सालीबी इतकंच टाकू नं, बाई?"

"पुढच्या सालचं मले पुसू नको," जरीनाबाई म्हणाल्या. "ते मी नाई बांधत. तू आपल्या मनानं पेर."