मझौलीला सोडलेला दस्सू

कुसुमबाई मेश्राम सरकारी दवाखान्यात आया होती. एकोणीस वर्षं तिची ड्यूटी एकाच खोलीत होती. कुत्रं चावलं की त्या काळी पोटात चौदा सुया घ्याव्या लागत, रोज एक, आणि त्या या खोलीत मिळत. सुई कंपाउंडर द्यायचा, माणूस कुसुमबाई धरायची. लहानांचे पाय, मोठ्यांचे खांदे. चांगली पहिलवान माणसंही तिसऱ्या दिवशी टेबलावर चढायला कां कूं करत. मग ती म्हणायची, "चलो भैया, लेट जाओ. रोए थे, ये घर में नहीं बताऊँगी." माणूस हसायचा, तेवढ्यात सुई आत गेलेली असायची.

तिचा सासरा भंडाऱ्याकडून बिडीच्या कामाला जबलपुरात आला, तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते. छप्पन साली राज्यं वेगळी झाली. नातेवाईक मुंबई राज्यात, मग महाराष्ट्रात गेले, हे होते तिथेच राहिले. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर हिंदी. नवरा दयाराम छातीच्या आजाराने लवकर गेला. मुलगा गुणवंत खाजगी बसवर कंडक्टर होता, जबलपूर ते मझौली. मायलेक ओमती मोहल्ल्याच्या मागे एका बाड्यात राहायची. सात बिऱ्हाडं, मधे अंगण, अंगणात एक नळ.

कुत्रा तिच्याकडे आला तोही दवाखान्यातूनच. डॉक्टर प्रत्येकाला बजावत, चावलेलं कुत्रं मारू नका, दहा दिवस नजरेसमोर ठेवा. ते ठणठणीत राहिलं तर त्याला पिसाळायची बिमारी नव्हती, सुया बंद. एका दूधवाल्याने याचा आपल्यापुरता अर्थ लावला. पोटरीला पट्टी बांधून आला, दोरीने ओढत आणलेला कुत्रा फाटकाला बांधला आणि म्हणाला, "लो, आप ही देखो." कुत्र्याचा डावा कान काठीने फाटलेला होता. कुसुमबाईने तो लाल औषधाने धुतला, वॉर्डातल्या उरलेल्या पोळ्या त्याला घातल्या. कंपाउंडर रोज सकाळी विचारायचा, "क्यों बाई, दस दिन वाला ज़िंदा है?" अकराव्या दिवशी दूधवाल्याच्या सुया थांबल्या. कुत्र्याला न्यायला कोणी आलं नाही. संध्याकाळी ती घरी निघाली तसा तो मागोमाग आला. तोवर त्याचं नाव दस्सू पडलं होतं.

गुणवंत म्हणाला, "दिवसभर कुत्रे चावलेल्यांना धरते, अन् घरी कुत्रा घेऊन आली. लोक हसून राहिले ना आई."

"हसू दे. तुझा बाप खोकायचा तेव्हाही हसत होते."

दस्सू भुरा, मध्यम चणीचा, कामापुरता भुंकणारा होता. तिच्या खाटेखाली पोत्यावर झोपायचा. जुन्या हिरव्या लुगड्याची पट्टी तिने त्याच्या गळ्यात बांधली होती. ती कामावर निघाली की कोपऱ्यापर्यंत जायचा आणि परत फिरायचा. शेजारच्या विनताची मुलगी नर्मदा, आठ वर्षांची, दुपारभर त्याला शाळा शिकवायची. विनताचं माहेर वर्ध्याचं, नवरा शरच्चंद्र कचेरीत कारकून. जात वेगळी असली तरी परक्या गावात मराठी बोलणारं हे दुसरं एकच घर, म्हणून जाणं-येणं होतं. मुलगी कुसुमबाईला आजी म्हणायची.

एक गोष्ट कुसुमबाईकडून राहून गेली. जनावरांच्या दवाखान्यात नेऊन दस्सूला ती बिमारी होऊ नये म्हणूनची सुई टोचून आणायची होती. उन्हाळा उतरू दे, मग नेऊ, असं दोन उन्हाळे चाललं होतं.

तिसऱ्या वर्षी चैत्रात एका दुपारी दस्सू जेवत असताना नर्मदाने त्याची थाळी ओढली. थाळीत मुंगळे चढले होते, ते तिला झटकायचे होते. तो तिच्या पोटरीला चावला. दोन दात लागले. रक्त पाहून विनता ओरडली, बाड्यातून काठ्या निघाल्या. कुसुमबाई ड्यूटीवर होती. गुणवंत मात्र जेवायला घरी आलेला होता. त्याने दस्सूला पोत्यात घातलं, तोंड बांधलं आणि तीनच्या बसच्या टपावर ठेवलं. मझौलीच्या पुढे, शेतं लागतात तिथे सोडून दिलं. काठ्यांपासून जीव वाचवला, तिकडे खायला मिळेल, असा त्याचा हिशेब. बाड्यानेही त्याला शाबासकी दिली.

कुसुमबाई संध्याकाळी आली. नर्मदाच्या जखमेत कोणीतरी मिरची भरली होती. तिने आधी ती साबणाने धुऊन काढली. मग विचारलं, "दस्सू कुठं आहे?"

विनताने नर्मदाला आत नेलं. रात्री गुणवंत परतल्यावर सगळं कळलं.

"झंझट नको म्हणून सोडून आलो, आई. मारला तर नाही ना."

"दहा दिवस तो डोळ्यासमोर पाहिजे होता रे. सुई-खोलीतल्या बाईचा पोरगा तू. तुला एवढं ठाऊक नाही?"

"मला काय माहीत? घरी कधी सांगितलं तू?"

ते खरं होतं. त्या खोलीतलं ती घरी काही आणत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्मदाला पहिली सुई लागली. पाय कुसुमबाईनेच धरले. डॉक्टर म्हणाले, "कुत्रा सापडला आणि ठीक असला, तर लहान मुलगी म्हणून पुढच्या सुया तिथेच थांबवतो, दहा दिवसांची नजर मात्र ठेवा. त्याला इथे ओढत आणायची गरज नाही. तुम्ही स्वतः पाहून सांगा. तुमचा शब्द मला पुरे."

मग कुसुमबाईने अर्ध्या दिवसाची रजा टाकायला सुरुवात केली. सकाळी नर्मदाची सुई, दुपारी मुलाच्याच बसने मझौली. गुणवंतने तिला खिडकीजवळची जागा धरून ठेवली. मझौलीला उतरून ती बाजारात, चहाच्या टपऱ्यांवर, खळ्यांवर विचारायची. भुरा कुत्ता, बायाँ कान फटा, गले में हरी पट्टी. लोक विचारत, "अम्मा, कीमती था क्या?" ती म्हणायची, "नहीं." मग लोकांना काही कळत नसे. इकडे नर्मदाचं पोट सुजून गरम झालं होतं. चौथ्या दिवशी तिला टेबलावर धरायला शरच्चंद्रालाही आत यावं लागलं.

पाचव्या दिवशी गावाबाहेरच्या एका शेतकऱ्याने सांगितलं की असा कुत्रा त्याच्या शेळ्यांच्या गोठ्याशी आला होता. आला त्याच्या दुसऱ्याच सकाळी त्याने आणि त्याच्या भावाने तो मारला.

"काहे मारा?"

"पागल था, अम्मा."

मारलेल्या प्रत्येक कुत्र्याबद्दल लोक हेच सांगतात, हे कुसुमबाईने एकोणीस वर्षं ऐकलं होतं. तिने विचारलं, मारला तेव्हा काय करत होता? शेतकऱ्याची बायको दारातून म्हणाली, "हौदी पे पानी पी रहा था, बेचारा." नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं, तशी ती आत गेली.

दस्सू नाल्याच्या काठी पडला होता. कावळ्यांनी तोंडाचा भाग ठेवला नव्हता. गळ्यातली पट्टी तिच्याच लुगड्याची होती, संशयाला जागा नव्हती. तिने फावडं मागितलं. शेतकरी म्हणाला, "आप रहने दो," आणि त्यानेच खड्डा केला. ती उभी राहिली. माती टाकून झाल्यावर बसच्या वेळेला पोचली.

बाड्यात विनता, शरच्चंद्र आणि नर्मदा तिघंही नळापाशी वाट पाहत होती. शरच्चंद्राने आधी इकडे तिकडे पाहिलं आणि मग हळू आवाजात म्हटलं, "मावशी, डॉक्टर तुमच्या एका शब्दावर थांबणार आहेत. नसला सापडला तरी दिसला असंच सांगा ना. तो पागल नव्हता हे तुम्हालाही माहीत आहे, आम्हालाही."

नर्मदा तिच्या लुगड्याला धरून म्हणाली, "आजी, दिसला म्हण ना. नऊ सुया राहिल्या. मी मोजल्या."

कुसुमबाईला खात्री होती. पाणी पिणारा, थाळी ओढली म्हणून चावलेला, दोन वर्षं खाटेखाली झोपलेला कुत्रा. पण खात्री असलेली माणसं तिने त्या खोलीत पाहिली होती. एक शिंपी आठव्या सुईनंतर येईनासा झाला, कुत्रा चांगला दिसतो म्हणून. दोन महिन्यांनी त्याला आणलं, तेव्हा पाण्याचा पेला पाहून तो भिंतीला चिकटला होता. तिसऱ्या दिवशी मेला. त्यालाही कुसुमबाईनेच धरलं होतं.

"मेला," ती म्हणाली. "लोकांनी मारला. पुरून आली मी."

विनता म्हणाली, "म्हणजे पागलच होता."

"नव्हता."

"मग काहून नाही म्हणत दिसला म्हणून? तुमच्या कुत्र्यापायी माझ्या पोरीचं पोट फोडून राहिले, अन् तुम्हाला एक शब्द जड झाला?"

लुगडं नर्मदाने आपणच सोडलं होतं.

राहिलेल्या नऊही सुयांना पाय कुसुमबाईनेच धरले. दुसरी आया बदलून मिळाली असती, तिने मागितली नाही. नर्मदा छताकडे पाहत पडायची. पाय झाडणं तिने सोडून दिलं होतं. विनता बाहेर बाकावर बसायची आणि घरी जाताना वेगळी रिक्षा करायची. बाड्यात तोवर ठरून गेलं होतं की कुसुमबाईने पागल कुत्रा पाळला होता. ती स्वतःच सुया थांबवू देत नव्हती, यापेक्षा मोठा पुरावा कोणाला हवा होता? गुणवंत एकदा भांडायला उठला, तिने त्याला खाली बसवलं.

चौदाव्या दिवशी नर्मदा टेबलावरून उतरली, झग्याची बटणं लावली आणि नऊ दिवसांनंतर पहिल्यांदा कुसुमबाईशी बोलली.

"आजी, तो पागल नव्हता ना?"

"नव्हता."

"मग तू डॉक्टरला तसं काहून नाही सांगितलं?"

आठ वर्षांच्या मुलीला त्या शिंप्याबद्दल सांगता येत नव्हतं. कुसुमबाई तिची चप्पल सरळ करायला वाकली. नर्मदाने पाय मागे घेतला, चप्पल हातात घेतली आणि तशीच अनवाणी बाहेर आईकडे गेली.

दाराशी हाताला फडकं बांधलेला एक म्हातारा उभा होता. कुसुमबाईने टेबल पुसलं आणि त्याला आत घेतलं. कुत्रं कुठे आहे, असं तिने विचारलं. बांधून ठेवलंय, तो म्हणाला. ती म्हणाली, "मारना मत. दस दिन उसको पानी देते रहना."