दोन गंगी आणि सारिकाचा फोन

वैशाखरे गावची कुणाली म्हणजे भलतीच उतावळी. मनात आलं की करून मोकळी. शहापुरात कॉम्प्युटर शिकली आणि पहिला हात घातला तो वहिनीच्या फोनला. वहिनी म्हणजे सारिका, गावची आशा सेविका. डोंगरातल्या पाड्यावरच्या गरोदर बाया आणि तान्ही पोरं तिच्या जिवावर, आणि तिकडे रेंजच्या नावानं बोंब. कुणालीनं फोनच्याच पोटात छोटासा डेटाबेस बसवला. ना सर्व्हर, ना नेट. मिसळणाच्या डब्यासारखं सगळं हाताशी. कुणाला कधी दवाखान्यात न्यायचं ते फोनच आठवण करायचा. सारिका हरखून गेली.

पण घाई नडली. बाईचं नाव आणि नवऱ्याचं नाव, एवढीच ओळख कुणालीनं धरली. तीच जोडी परत आली की जुनी माहिती जाऊन नवी बसायची. आणि पाड्यावरची रीत काय? आजी गंगी तर नात गंगी, मंगळवारी जन्मला तो मंगळू. विहिरीकडची गंगी मंगळू, उंबराकडचीही गंगी मंगळू. सारिकानं विहिरीकडची, सहाव्या महिन्यातली गंगी भरली, आणि दिवस भरत आलेली उंबराकडची गुपचूप पुसली गेली.

या उंबराकडच्या गंगीला रक्त कमी. कळा यायच्या आधी मुरबाडला आणा, असं डॉक्टरांनी बजावलेलं. फोन गप्प, म्हणून सारिकाही निवांत. बुधवारी सकाळी तिचा मंगळू धापा टाकत दारात उभा.

"ताई, गंगीला कळा आल्यात. तुमी न्यायला येणार व्हतात ना?"

सारिकानं फोनात गंगी शोधली, तर तिला म्हणे सहावा. कुणालीला एका नजरेत उमगलं, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. जीप काढली, पाड्यावरून गंगीला घेतलं आणि थेट मुरबाड गाठायला निघाल्या. वाटभर तिनं गंगीचा हात सोडला नाही. एरवी देवाचं नाव न घेणारी पोर, त्या दिवशी एकसारखी पुटपुटत होती. दवाखान्यात रक्त चढलं, दुपारी मुलगी झाली. मायलेकी सुखरूप.

"वहिनी, ते सगळं काढून टाकते. माझ्यानं नाय होणार," कुणाली रडत म्हणाली.

"मग पाडाभर बाया मी डोक्यात ठेवू काय?" सारिका डाफरली. "चुकलंय तिथं नीट कर."

कुणाली वहिनीचा फोन घेऊन घरी गेली ती दुरुस्ती करूनच दवाखान्यात परतली. प्रत्येकीला वेगळा नंबर दिला. नाव सारखं आलं की फोन आता थांबून विचारणार. मग खाटेशी जाऊन तिनं गंगीला खरं ते सांगितलं.

"माझ्या चुकीनं तुझं नाव पुसलं गेलं गो."

गंगीनं लेकीच्या अंगावरचं फडकं सारखं केलं.

"माझं गेलं तं गेलं," गंगी म्हणाली. "हिचं नीट घाल. बुधवारची हाय, बुधी."

कुणालीनं नाव घातलं. फोननं विचारलं ते तिनं वाचून दाखवलं: पाड्यावर आधीच दोन बुधी आहेत, त्यांतलीच का?

गंगीनं लेकीला जवळ ओढलं.

"नाय गो, ही नवी हाय. नवी लिव."