शनीमार्गे बद्रीनाथ

माझ्या मोठेबाबांनी आणि मोठीआईने बद्रीनाथसाठी बॅगा भरल्या आणि मी त्यांना शनीकडे निघालेल्या यानात बसवलं, हे खरं आहे. नातेवाइकांचे बाकीचे आरोप वाढवून सांगितलेले आहेत.

मूळ गोष्ट साधी होती. पुण्याची नोकरी सोडून मी हुडकेश्वरला राहायला आलो, तेव्हा मित्र तिकडेच राहिले आणि आमचा खेळही तिकडेच राहिला. हा खेळ टेबलाभोवती बसून खेळतात. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि अडलं की फासा टाकतात. दोन वर्षं मी एकटाच एक गोष्ट रचत होतो. शनीच्या एका चंद्रावर वस्ती करायला निघालेलं यान, त्यात गाढ झोपवलेले प्रवासी, आणि वाटेत दबा धरून बसलेला आठ हातांचा परग्रहवासी. ऐकायला फक्त बायको होती. रश्मी "हो, मग?" म्हणायची आणि मी पुढे सांगायला लागलो की मिक्सर सुरू करायची.

शेवटी सीताबर्डीच्या एका कॅफेत संकेत आणि तन्वी ही कॉलेजातली जोडी भेटली. त्यांनाही हाच खेळ हवा होता. रविवारी चारला माझ्या घरी जमायचं ठरलं. घरी आल्यावर वातावरणनिर्मिती म्हणून मी व्हॉट्सॲपवर लिहिलं: "रविवारी दुपारी चार वाजता आमच्या घरून प्रस्थान. प्रवास लांबचा आणि थंडीचा. मोजकंच सामान घ्यावं. परत येण्याची खात्री नाही."

हा संकेत-तन्वीसाठीचा मजकूर चुकून गेला आमच्या खानदानाच्या ग्रुपवर. (तो ग्रुप मी कायमचा म्यूट केलेला असल्याने खाली आलेलं "आम्ही दोघं येतो" मला दिसलं नाही.) त्यातून गेल्या दिवाळीत मी मोठेबाबांना "एकदा तुम्हाला बद्रीनाथला नेतो" असं म्हणालो होतो. दिवाळीत माणूस असं म्हणतो.

रविवारी संकेत-तन्वी वेळेवर आले. मी पडदे ओढले, निळा बल्ब लावला. इंजिनाच्या आवाजाची वेगळी सोय करावी लागली नाही. मे महिना होता आणि कूलर होता. मी घसा साफ केला, तेवढ्यात बेल वाजली.

दारात मोठेबाबा आणि मोठीआई. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, राहणार उमरेड. बाहेर डांबर वितळत होतं आणि यांच्या अंगात स्वेटर, डोक्याला माकडटोपी. मोठीआईच्या गळ्यात झेंडूचा हार.

"गाडी कुठं लावली गा?" मोठेबाबांनी विचारलं.

"कोणती गाडी?"

"बद्रीनाथची. तूच लिहिलं ना, मोजकं सामान घ्या म्हून. मोजकंच आनलं आमी." (मोजकं म्हणजे तीन पिशव्या, एक वळकटी आणि चिवड्याचा डबा.)

"परत याची खात्री नाही म्हनला तू," मोठीआई म्हणाली, "तं गल्लीतल्या साऱ्या बाया पाया पडून गेल्या. कालदी तं यायनं गल्लीले जेवनच घातलं."

इथे शहाण्या माणसाने खरं काय ते सांगितलं असतं. मी म्हणालो, "आधी बसा. पाणी घ्या."

स्वयंपाकघरात रश्मीने मला कोपऱ्यात घेतलं. "तू सांगून राहिला का मी सांगू?"

"पाच मिनिटं दे."

ती पाच मिनिटं मी अशी वापरली, की बाहेर येऊन खेळ सुरू केला. ऐकता ऐकता त्यांना आपोआप उलगडेल, असा माझा हिशेब होता.

तन्वी माकडटोपी बघून भारावली होती. "दादा, हे दोघं तर पूर्ण गेटअपमध्ये आले." संकेतने उठून मोठेबाबांना कडक सलाम ठोकला. ही ट्रॅव्हल कंपनीची पोरं असावीत असं समजून मोठेबाबांनीही मान हलवली.

"आपण शनीकडे निघालो आहोत," मी म्हणालो.

"शनी?" मोठीआई सावरून बसली. "माही साडेसाती आत्ता सरली गा. लोकं त्याच्यापासून पळते, आन् तू मले त्याच्याच दारी नेऊन राहिला?" मग तन्वीकडे वळून तिने विचारलं, "बरं, जेवाची सोय काय?"

"जेवण नाही लागत, आजी. तुम्हाला इंजेक्शन देऊन झोपवणार."

"आन् उठवता कवा?"

"पोचल्यावर. म्हणजे उठलात तर. काही जण नाही उठत."

मोठीआईने पेला खाली ठेवला. मोठेबाबांनी टोपी काढली. "आन् परत?"

"परत कोणीच येत नाही, आजोबा," तन्वी फार प्रेमाने म्हणाली.

मोठेबाबा माझ्याकडे बघत होते. ते चिडले असते तर बरं झालं असतं.

"अश्विन," ते हळूच म्हणाले, "तुहा बाप गेला तवापासून तुले आमी कधी परकं समजलं नाही. आमी जड झालो असन, तं आमच्या पोरानं, प्रकाशनं पाहावं. तू काहून हे अंगावर घेऊन राहिला?"

मग मी सगळं सांगितलं. खेळ, ग्रुप, चुकीचा मजकूर, सगळं. जिथे मी गाळत होतो तिथे रश्मी भर घालत होती. तन्वीने तोंडावर उशी घेतली होती.

"म्हंजे बद्रीनाथ नाही," मोठेबाबा म्हणाले.

"नाही."

"आन् शनीबी नाही."

"तोही नाही."

"मंग हे पोट्टे कोन होत?"

त्याचंही उत्तर दिलं. पण खरी अडचण पुढे होती. लोकांनी हार घालून बसमध्ये बसवलेलं, आता संध्याकाळच्या बसने उमरेडला कोणत्या तोंडाने उतरायचं? शेवटी ठरलं, की यात्रेला लागतात तेवढे दिवस दोघांनी आमच्याकडेच राहायचं. बाहेर पडायचं नाही, कारण इतवारीच्या बाजारात खरेदीला उमरेडची माणसं हटकून भेटतात. दिवसभर घरात करायचं काय, हा प्रश्न होताच. मोठेबाबांनी टेबलावरचा फासा उचलला. "हे कसं खेळते, सांग."

संकेत-तन्वी रोज येऊ लागले. मोठीआईने पहिल्याच दिवशी यानातले झोपलेले सगळे प्रवासी उठवले, कारण उपाशीपोटी झोपवणं तिला पटलं नाही. मोठेबाबांनी कप्तानपद घेतलं आणि शनीला लांबून नमस्कार करून यान दुसरीकडे वळवलं. माझा दोन वर्षं घासून तयार केलेला परग्रहवासी दार फोडून आत आला, तेव्हा मोठीआईने त्याला विचारलं, "जेवला का गा?" फासा टाकला, सहा पडले. तो जेवला. मग तिने त्याला भाकरी थापायला बसवलं. हात भरपूर असल्याने त्याचं दुष्टपण करायचं राहूनच गेलं.

निघायच्या दिवशी मोठीआईने मोठेबाबांना बजावलं, "खोटं बोलाचं नाही. बद्रीनाथाचं नाव घ्याचं नाही. कोनी इचारलं तं म्हनाचं, जाऊन आलो."

त्यांनी शब्द पाळला. पण प्रकाशचा फोन आला, की गल्ली दोघांच्या पाया पडते आहे आणि मोठेबाबा ओट्यावर बसून प्रवासाचं वर्णन करतात. तिथं दारं आपोआप उघडतात, खाली पाहिलं तर जमीनच दिसत नाही. लोक हात जोडून ऐकतात आणि पुढची गाडी कधी म्हणून विचारतात.

मी मोठेबाबांना फोन केला. त्यांनी पुढच्या खेपेची सगळी आखणी केली होती. कप्तान ते स्वतः, स्वयंपाक मोठीआईकडे, संकेत-तन्वी यान हाकणार, मागे गल्लीतली मंडळी.

"आणि मी?"



"तू घरीच राह्य गा," मोठेबाबा समजुतीने म्हणाले. "लोकं भरोसा ठेवून निघते. तू सोबत असला का घाबरून जातीन."