काळ्या पडद्यावरची पिवळी अक्षरं

माझ्या दोन्ही डोळ्यांना जन्मतःच मोतीबिंदू होता. ऑपरेशन झालं, पण उशिरा, त्यामुळे नजर जेमतेमच राहिली. चष्म्याची भिंगं इतकी जाड की जळगावला शाळेत मधल्या सुट्टीत मैत्रिणी तो उन्हात धरून कागद जाळायच्या. कागद जळायचासुद्धा. मला मात्र कागद वाचायचा म्हटला तर नाकाला लावावा लागे.

अशी मी टायपिस्ट झाले म्हटल्यावर लोकांना नवल वाटतं. पण टायपिंगच्या क्लासात बाकीच्या मुली बाईंची नजर चुकवून बटणांकडे बघायच्या आणि ओरडा खायच्या. मला बघून काही उपयोगच नव्हता. त्यामुळे माझी बोटं आपली आपण शहाणी झाली. पुढे धुळ्याला एका कचेरीत नोकरी लागली. टाईप केलेला कागद मशीनमधून ओढायचा, नाकाशी धरून तपासायचा आणि साहेबांच्या टेबलावर ठेवायचा, असं माझं झकास चाललं होतं.

मग नव्वदीच्या मध्यावर कचेरीत संगणक आला. एकच आला, पण थाट जावयासारखा. त्याला वेगळी खोली, खोलीला पडदे, त्याच्या अंगावर प्लॅस्टिकचं आवरण. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. माझी अडचण एवढीच, की हा कागद काही उचलून नाकाशी धरता येईना. तेव्हा मीच नाक घेऊन त्याच्यापाशी गेले. पांढऱ्याफेक पडद्यावर मुंग्यांसारखी अक्षरं, आणि त्या पांढऱ्याचा उजेड असा डोळ्यांत घुसायचा, की अर्ध्या तासात पाण्याच्या धारा.

एक दिवस साहेब पत्र बघायला आले आणि पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "या ओळीत मधेच एवढा मोठा पूर्णविराम कसा? आणि लाल?"

मी कपाळाला हात लावला. टिकली जागेवर नव्हती. साहेबांनी ती नखाने काढून माझ्या हातात दिली आणि बाहेर गेले. बाहेर जाऊन हसले, ते मला ऐकू आलं.

संगणक दोघांत एक होता. सकाळी माझ्याकडे, दुपारी आबांकडे. आबा आमचे हेडक्लार्क, धुळ्याजवळच्याच खेड्यातले, निवृत्तीला वर्षभर उरलेले. साहेबांशी पुस्तकी मराठी बोलायचे, माझ्याशी अहिराणी. त्यांची संगणकाजवळ न बसण्याची कारणं ऐकण्यासारखी असत. "माय, आज चतुर्थी शे, उपासना दिन मशीनले हात लावू नही." दुसऱ्या दिवशी कंबर धरलेली. तिसऱ्या दिवशी खोलीतल्या गारव्याने शिंका. सगळी कचेरी म्हणायची, आबा मशीनला भितात. साहेब तर त्यांना मेमो द्यायच्या विचारात होते.

एका दुपारी आबांचा असाच कसला तरी उपास होता, म्हणून मशीन रिकामं होतं. मी सहज त्याच्या पोटात काय काय आहे ते उघडून बघत बसले. चित्रांच्या एका रांगेत मला सायकल दिसली. संगणकात सायकल कशाला, म्हणून दाबली. आत एकामागून एक चौकटी. एकीत डोळ्यांविषयी काहीतरी होतं, म्हणून नाक आणखी पुढे नेलं. पडद्याचे रंग उलटे करता येतात, अक्षरं मोठी करता येतात, असं तिथं चक्क लिहिलं होतं! मागाहून कळलं, ती सायकल नव्हती, चाकांची खुर्ची होती. माझ्यासारख्यांसाठी काढलेलं चित्रच मला नीट दिसलं नव्हतं.

मी तिथं खूण केली आणि एंटर मारला. पडदा काळाभोर झाला. क्षणभर वाटलं, बिघडवलं आपण. मग त्या काळ्यातून अक्षरं वर आली, बोराएवढी. मी मागे सरले. आणखी मागे सरले. खुर्चीला पाठ टेकली तरी अक्षरं दिसतच होती! त्या खुर्चीला पाठ आहे हे मला त्या दिवशी कळलं.

मग मला चटकच लागली. शाळेत फळा नुकताच रंगवलेला असला आणि बाईंनी पिवळा खडू घेतला, की मला सगळ्यात बरं दिसायचं. म्हणून अक्षरांना पिवळा रंग दिला. उंदराचा, म्हणजे माउसचा, बाण हरवायचा, त्याला मोठा केला आणि शेपटी लावली. हलवला की बदकाच्या पिलांसारखी बाणांची रांगच्या रांग मागे चालायची. मी पाच-दहा मिनिटं नुसती पिलं फिरवत होते.

दुसऱ्या दिवशी आबा दारातूनच ओरडले, "वं माय, हाई काय व्हयनं? बठ्ठं काळं व्हयी गयं! जळी गयं का काय?"

मी बाहेर काम करत होते. मी येईपर्यंत साहेबांनी जळगावला, संगणकवाल्यांना फोन केलासुद्धा. मी केलंय म्हणून सांगितलं, तर साहेब म्हणाले, "तुम्ही घाबरू नका, तुमच्यावर कोणी आळ घेत नाही."

संगणक दुरुस्त करणारे गृहस्थ एसटीने आले. गंभीर चेहरा, पोट पुढे, हातात फ्लॉपींचा डबा. चपला काढून आत गेले, पडद्याकडे बघितलं आणि डॉक्टरी आवाजात म्हणाले, "व्हायरस. सगळं पुसून नव्याने भरावं लागेल."

सगळं म्हणजे माझी सगळी पत्रं! मी त्यांच्या आणि मशीनच्या मधे उभी राहिले. "अहो, थांबा. हे मी केलंय."

"व्हायरस?"

"नाही हो, काळा रंग."

"मॅडम, पडद्याचा रंग असा कुणाला करता येत नसतो."

मी वाकले. त्या चौकटीतच एक जवळची वाटही दिलेली होती, ती मी शिकून ठेवली होती. डावीकडची दोन बटणं आणि वरचं एक, तिन्ही एकदम दाबली. मशीनने भोंग्यासारखी किंकाळी फोडली आणि पडदा पांढरा झाला. आबा दाराबाहेर पळाले. पुन्हा दाबली. पुन्हा किंकाळी, पुन्हा काळा. आता सगळी कचेरी खोलीत, तीही चपलांसकट.

गृहस्थांनी फ्लॉपींचा डबा खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "कोणती तीन, मॅडम?"

चहा-भजी खाऊन ते गेले. साहेबांनी तोडगा काढला: मी असेन तोवर काळा, मी उठले की पांढरा. पण दुसऱ्याच दुपारी मी पांढरा करायला विसरले, आणि परत येऊन बघते तो आबा मशीनपुढे बसलेले. चतुर्थी नाही, कंबर नाही, शिंका नाहीत. एका बोटाने टाईप करत होते.

"आबा?"

"आते माले दिखस वं," ते पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "हरभराना दाणासारखा अक्षरं दिखतस. तो पांढरा पडदा म्हंजे डोळासमा चुना टाका सारखं व्हस."

मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसले. रात्री समोरून गाडी आली तर दिव्यांभोवती कडी दिसतात का, विचारलं. दिसत होती. भर उन्हात जास्त त्रास होतो का? होत होता. घरात कुणाला सांगितलं का? तर नाही. डोळे गेले म्हटल्यावर नोकरीतून आधीच काढतील, ही भीती.

"आबा, हा मोतीबिंदू आहे," मी म्हटलं. "माझा जन्मापासूनचा पाहुणा. मी ओळखते त्याला. तुमचा आत्ता आलाय, हाकलला की जाईल."

आबा धोतराच्या सोग्याने उगाच कीबोर्ड पुसत राहिले. पण पुढच्या आठवड्यात मुलाला घेऊन डॉक्टरकडे गेले, ऑपरेशन करून घेतलं, आणि रजा संपवून काळा चष्मा लावून परत आले, ते वेगळेच आबा. त्यांना आता सगळंच दिसायला लागलं होतं. चहाचे कप नीट विसळत नाहीत, हे दिसलं. साहेबांच्या शर्टाचं बटण दुसऱ्याच रंगाचं आहे, हेही दिसलं, आणि त्यांनी ते सांगितलं. जुनी पत्रं काढून वाचायला लागले आणि माझ्यापुढे एक धरून म्हणाले, "हाई कोन्ही लिखं? ओळीले चूक शे!"

"तुम्हीच, आबा. तुमची सही आहे खाली."

आबांनी सही तपासली, पत्र घडी करून खिशात टाकलं आणि तो विषय पुन्हा काढला नाही.

खरी पंचाईत पुढेच होती. आता आबांना काळा पडदा नको झाला. "माय, हाई तुनं काळं काढ, माले पांढरं दे," म्हणायचे. आणि बसले की उठायचे नाहीत. साधी रजेची चिठ्ठीसुद्धा ते संगणकावर, ठळक अक्षरांत, भोवती नक्षी काढून करायचे. माझी वेळ झाली की मी तीन बटणं दाबायची, पाणी प्यायला गेले की ते दाबायचे. बाहेरची मंडळी किंकाळी ऐकून ओळखत, आतलं माणूस बदललं.

ज्यांना मशीनजवळ बसवण्यासाठी मेमो लिहायचा होता, त्यांना तिथून उठवायला शेवटी साहेबांना आत यावं लागलं. आम्ही दोघं मशीनपुढेच भांडत होतो. साहेबांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि वरिष्ठांना लिहिलं, की कामाचा व्याप फार वाढला आहे, आणखी एक संगणक मिळावा.

तो आला, आबांच्या निवृत्तीला महिना राहिलेला असताना. आबांनी नारळ फोडून तो आपल्या टेबलावर मांडून घेतला. मी जुना माझ्याकडे ओढला, काळा केला, पिवळी अक्षरं केली, बाणाला शेपटी लावली आणि खुर्चीला पाठ टेकून बसले. कुणाला विचारलं नाही.